बांगड्याचे श्वास : पावणेदोन वर्षांच्या बोक्याचा हृदयविकार आणि एक घर

पार्श्वभूमी

मालवण तालुक्यातली खाडीकाठची एक वाडी. घरमालकांची स्वतःची होडी आहे, पर्यटकांच्या हंगामात ते दोन खोल्या भाड्याने देतात. वहिनी अंगणवाडीत काम करतात. सासूबाईंना सगळी वाडी 'आये' म्हणते. मुलगा पाचवीत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. बोक्याचं नाव मात्र घरच्यांना विचारून तेच ठेवलंय : बांगडो. राखाडी अंग, पाठीवर काळसर पट्टे, ताज्या बांगड्यासारखे. जातिवंत वगैरे काही नाही, वाडीतल्याच मांजरीचं पिल्लू. वय पावणेदोन वर्षं, वजन ४.२ किलो.

मी या किनाऱ्यावर लहान जनावरांची पशुवैद्य म्हणून काम करते. मे महिन्याच्या अखेरीस बांगड्याला माझ्याकडे आणलं ते खाजेसाठी. पिसवांची ॲलर्जी होती, मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी खपल्या. दिवसभर खळ्यात आणि होड्यांजवळ भटकणाऱ्या बोक्याला रोज गोळी कोण देणार, म्हणून मी महिनाभर परिणाम टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. माझ्या नोंदीत 'हृदय : ठीक' असं लिहिलेलं आहे. खरं तर मी स्टेथोस्कोप लावला तेव्हा मला फक्त घुरघुर ऐकू आली होती. मांजर घुरघुरत असेल तर हृदयाचा आवाज नीट कळत नाही. शेजारच्या बेसिनचा नळ सोडला की बहुतेक मांजरं क्षणभर गप्प होतात, ही साधी युक्ती मला माहीत होती. त्या दिवशी बाहेर पाच जण थांबले होते आणि मी नळ सोडला नाही.

काय घडलं

१ जूनपासून मासेमारी बंद झाली. ३१ जुलैपर्यंत किनाऱ्यावरच्या घरांत जे खातात तेच बांगड्याच्या ताटलीत पडू लागलं : सुकट, सोडे, खारो बांगडो. त्याला ते फार आवडायचं.

इंजेक्शननंतर पंधराव्या दिवशी, मुसळधार पावसात, रात्री साडेनऊला वहिनींचा फोन आला. बोका दुपारपासून माळ्यावर चढला नव्हता. पडवीत कोपरं बाहेर काढून, मान पुढे करून बसला होता, आणि पोट भात्यासारखं हलत होतं. खोकला नव्हता. म्हणून आयेला वाटलं पोटात काहीतरी अडकलंय. हा गैरसमज मी अनेक घरांत पाहिला आहे. माणसाला किंवा कुत्र्याला हृदयामुळे फुप्फुसात पाणी झालं की खोकला येतो. मांजर सहसा खोकत नाही. ते गप्प बसतं, लपतं, आणि भरभर श्वास घेतं.

दवाखान्यात आणलं तेव्हा मिनिटाला ६८ श्वास होते. टेबलावर ठेवताच त्याने तोंड उघडून श्वास घेतला. मांजराने धापा टाकत तोंड उघडणं ही अगदी शेवटची पायरी असते.

पहिला निर्णय : तपासायचं की थांबायचं

हात शिवशिवतात. एक्स-रे काढावा, रक्त घ्यावं, शीर शोधावी असं वाटतं. पण श्वास कोंडलेल्या मांजराला आडवं दाबून धरलं तर ते तिथेच जाऊ शकतं. मी एक्स-रे सोडून दिला. कोविडच्या काळात घेतलेल्या ऑक्सिजन यंत्राची नळी झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत सोडली, लघवीवाटे अंगातलं पाणी काढणाऱ्या फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन (किलोला २ मिलिग्रॅम) मांडीच्या स्नायूत दिलं, बोक्याला पेटीत ठेवलं आणि खोलीतला दिवा बारीक केला. घरच्यांना बाहेर बसवलं. पाऊण तासाने त्याने पेटीत भरपूर लघवी केली. त्या रात्रीची ती सगळ्यात चांगली बातमी होती. दीड तासाने श्वास ४४ वर आले. तेव्हा कुठे पेटीतच सोनोग्राफीचा प्रोब लावून छाती पाहिली. छातीच्या पोकळीत काढण्याजोगं पाणी नव्हतं, ते फुप्फुसांच्या आत होतं. आता घुरघुर नव्हती, आणि हृदयाचा ठेका घोड्याच्या टापांसारखा तीन ठोक्यांचा ऐकू येत होता.

हा निर्णय बरोबर होता आणि पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन. चूक पंधरा दिवस आधीची होती. टिकाऊ स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते, ती साखर पेशींतलं पाणी रक्तात ओढते, आणि हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. निरोगी हृदय हे सोसतं. आतून जाड झालेलं हृदय तिथे हरतं. अशी मांजरं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. त्यात खाऱ्या माशाचं मीठ. नक्की कशाने किती झालं हे वेगळं काढता येत नाही, पण इंजेक्शनचा वाटा मी घरच्यांना दुसऱ्याच दिवशी सांगितला. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता पुढे काय ते सांगा, मॅडम."

पर्याय

तिसऱ्या दिवशी बोका जेवू लागला आणि घरात खरी चर्चा सुरू झाली. दवाखान्याच्या बाकावर चौघं बसले होते. चौघांच्या मनात चार वेगळ्या गोष्टी होत्या.

घरमालकांचा पहिला प्रश्न : "इथल्याच माणसांच्या डॉक्टरकडे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईल ना?" ओळखीचे एक फिजिशियन मदतीला तयारही होते. मी नको म्हटलं. मांजराचं हृदय मिनिटाला २०० च्या आसपास धडधडतं, भिंतींची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची असते. त्यासाठी लहान, उच्च वारंवारतेचा प्रोब लागतो आणि मांजराची मापं माहीत असणारा डोळा लागतो. चुकीच्या मापावर आयुष्यभराचं औषध ठरवण्यापेक्षा माप नसलेलं बरं.

दुसरा पर्याय मुंबईचा, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना. तिथे अनुभव मोठा आहे. पण दोन-तीन दिवसांपूर्वी जगण्याची शाश्वती नसलेल्या बोक्यासाठी तो प्रवास मला फार लांबचा वाटला. तिसरा पर्याय कोल्हापूर, फोंडा घाटातून. तिथे मांजरांचा इको करणारे सहकारी आहेत. चौथा, इको न करता लक्षणांवरच औषध चालू ठेवायचं. पैसे नसतील तर हा पर्याय कमी प्रतीचा मुळीच नाही, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

पाचवा पर्याय आयेने काढला, कारण बाकी कोणाला तो तोंडावर आणवत नव्हता. ती म्हणाली, "जगात तितके दिस जगांदे. पण तेका तळमळाक लावू नको." झोपेचं, म्हणजे कायमचं झोपवण्याचं, इंजेक्शन हवंय का, असं मी विचारलं. तिने मान हलवली : आज नाही.

कोल्हापूर ठरलं, पण लगेच नाही. श्वास सलग चार दिवस झोपेत ३० च्या खाली राहिले तरच निघायचं. निघण्याआधी दोन तास बोक्याला शांत ठेवणारं गॅबापेंटिन, पिंजऱ्यावर वहिनींची जुनी साडी, आणि दरड कोसळून घाट बंद असेल तर बेत रद्द. नवव्या दिवशी पहाटे पाचला ते निघाले.

निदान

डाव्या कप्प्याची भिंत ७.४ मिलिमीटर होती. ६ आणि त्यावर जाडी असेल तर ती रोगाची मानतात. डावा वरचा कप्पा महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, दुप्पट फुगलेला. रक्ताची गुठळी नाही, रक्तदाब ठीक. निदान : हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होऊन कप्प्याला सैल पडून रक्त भरून घेता येत नाही असा आजार. मांजरांत सर्वाधिक आढळणारा हृदयविकार हाच. कितीतरी मांजरं तो घेऊन आयुष्यभर जगतात आणि कुणाला कळतही नाही.

पण सहकाऱ्यांनी शेवटी एक ओळ लिहिली होती, ती मला सगळ्यात मोलाची वाटते : 'तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं, जाडी तात्पुरती असण्याची शक्यता.' तरुण मांजरांत, भूल, शस्त्रक्रिया किंवा मोठ्या ताणानंतर हृदय जाड होऊन निकामी होतं आणि काही महिन्यांत पुन्हा पातळ होतं, हे २०१८ च्या सुमारास नीट नोंदलं गेलं. इकोचं पहिलं चित्र दोन्हींत सारखंच दिसतं. म्हणून तरुण मांजराला पहिल्याच चित्रावर 'आता थोडेच दिवस' असं म्हणू नये.

घराने ते कसं पेललं

आजार कळल्यावर त्या घरात जे झालं ते औषधांइतकंच महत्त्वाचं होतं, आणि इथे माझ्या दोन चुका आहेत.

पहिली. मी सांगितलं, "त्याला ताण होऊ देऊ नका." एवढंच. घरी त्याचा अर्थ लावला गेला, की बोक्याला कोठीच्या खोलीत बंद करायचं. मुलाने दोरी हलवून खेळायचं नाही, खळ्यात जायचं नाही, माळ्यावर तर नाहीच. वहिनी रात्री दर तासाला उठून त्याच्या छातीवर हात ठेवायच्या. बोका रात्रभर दार ओरबाडत ओरडायचा. आठवड्याने आले तेव्हा वहिनींचे डोळे खोल गेले होते, आणि बोका माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाबरत होता. तेव्हा मला कळलं. मांजर आपली मर्यादा आपणच ओळखतं, दमलं की थांबतं. त्याला माळा परत द्या, खेळू द्या, सकाळी खळ्यात तुमच्या नजरेसमोर सोडा, असं सांगितलं. ताण म्हणजे कुत्रं अंगावर येणं, जबरदस्तीने धरणं, बंद दार. हे पहिल्या दिवशी याच शब्दांत सांगायला हवं होतं.

दुसरी चूक जास्त गंभीर. फुगलेल्या वरच्या कप्प्यात रक्त रेंगाळतं, त्याची गुठळी होते, आणि ती सुटून मागच्या पायांकडे जाणाऱ्या रोहिणीत अडकू शकते. मांजर एकदम किंचाळतं, मागचे पाय ओढतं, पंजे गार पडतात, गाद्या फिक्या किंवा निळसर होतात. एवढं सगळं एकदम कशाला, म्हणून मी हे राखून ठेवलं. फक्त 'रक्त पातळ राहण्याची गोळी' असं म्हणून क्लोपिडोग्रेल लिहून दिलं. घरमालकांनी इकोच्या कागदावरचा शब्द मोबाईलवर शोधला आणि रात्री अकराला तसले व्हिडिओ बघितले. फोनवर त्यांचा आवाज कापत होता. "हे तुम्ही सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले. ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले आणि पडवीत बसून सगळं सांगितलं. गुठळी झालीच तर काय करायचं हे तिथेच ठरलं. लगेच फोन. पायांना खोबरेल तेल चोळायचं नाही, शेक द्यायचा नाही. माणसांची दुखण्याची गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखी आहे. आणि दोन्ही पाय गेले, वेदना थांबत नसतील, तर त्याला झोपेचं इंजेक्शन द्यायचं. हा निर्णय चौघांनी शांत डोक्याने, भर दुपारी घेतला. मुलगाही होता. त्याला बाहेर पाठवायचं का, असं वहिनींनी विचारलं. तो स्वतःच म्हणाला, मी थांबतो.

आयेचं वळण निराळं होतं. सुरुवातीला ती म्हणायची, "माजराक खंयचो हार्टचो आजार?" मग मी गोळ्यांची पाकिटं काढली, तसं फ्युरोसेमाइडचं पाकीट हातात घेऊन ती थबकली. "ही तर आमच्या ह्यांची गोळी." तिच्या नवऱ्याच्या छातीत पाणी व्हायचं. रात्री उशाशी दोन उशा लावून ती त्यांचा श्वास ऐकत बसायची. त्यानंतर घरात या आजाराची समज माझ्यापेक्षा तिच्याकडून जास्त आली. श्वास मोजायचं काम तिने मागून घेतलं. गाढ झोपेत, घुरघुर नसताना, छाती एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक, अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. ३० च्या खाली ठीक. दोनदा मोजून ३० च्या वर आलं तर मला फोन. ती आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायची, दुधाच्या हिशेबाशेजारी. वहिनींचं रात्री उठणं दोन आठवड्यांत थांबलं.

'आमच्या मासे-भातामुळे झालं का' हा प्रश्न सगळ्यांनी वेगवेगळा येऊन विचारला. उत्तर : नाही. मेन कून जातीत २००५ साली आणि रॅगडॉल जातीत २००७ साली या आजाराशी जोडलेले जनुकीय बदल सापडले. वाडीतल्या मांजरांतही तो होतो, फक्त कोणता जनुक ते सांगता येत नाही. टॉरिन हा मांजराला खाण्यातून मिळावा लागणारा घटक कमी पडल्याने हृदय बिघडतं हे १९८७ साली कळलं, पण त्यात हृदय पातळ आणि सैल होतं, जाड नाही. माशात टॉरिन असतं, उकडलं की पाण्यात उतरतं. म्हणून मासा उकडलेलं पाणी फेकू नका, भातात घाला. खारं आणि सुकं मात्र कायमचं बंद. आयेला हे सगळ्यात जड गेलं, कारण खारो बांगडो ती स्वतःच्या ताटातून त्याला भरवायची.

औषधं

फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅमच्या गोळीचा आठवा भाग दिवसातून दोनदा, क्लोपिडोग्रेल ७५ ची पाव गोळी रात्री. हे या बोक्याच्या वजनाचं आणि तपासणीचं प्रमाण आहे. दहाव्या दिवशी मूत्रपिंड आणि पोटॅशियमसाठी रक्त तपासलं, ठीक होतं.

क्लोपिडोग्रेल भयंकर कडू. पहिल्या दिवशी बोक्याच्या तोंडाला फेस आला आणि घरच्यांना वाटलं झटका आला. तिसऱ्या दिवसापासून बोका त्यांना बघून पळू लागला. उपाय मुलाने शोधला. औषधांच्या दुकानातून सगळ्यात लहान रिकाम्या कॅप्सूल आणल्या, पाव गोळी त्यात, वरून उकडलेल्या माशाचा लगदा, आणि लगेच सिरिंजने थोडं पाणी, म्हणजे कॅप्सूल घशात अडकत नाही. औषध कुठल्या खोलीत द्यायचं तेही बदललं. माळा ही बोक्याची जागा, तिथे कधीच औषध द्यायचं नाही.

गणपती

दुसरा अवघड टप्पा आजाराने नाही, सणाने आणला. मुंबईहून भाऊ, पोरं, मिळून सतरा माणसं. फटाके, भजनं, रात्री दोनपर्यंत टाळमृदंग. मी सुचवलं, पाच दिवस बोका दवाखान्यात ठेवा. वहिनी तयार झाल्या. आये नको म्हणाली. अनोळखी पिंजरा आणि शेजारी भुंकणारे कुत्रे त्याला जास्त जड जातील, असं तिचं म्हणणं. तिचं मला पटलं. मागच्या दाराची खोली त्याला दिली, खिडकीला गोधडी, आत माती, पाणी, दाराला कडी, आणि मुलाने पाहुण्यांसाठी पाटी लावली. दुसऱ्या रात्री आयेने ३८ मोजले. अर्ध्या तासाने पुन्हा ३६. फोनवर एक जादा मात्रा सांगितली, भजनी मंडळाने त्या रात्री बाराला आवरतं घेतलं, पहाटे २६. चौकटीत तिने तिन्ही आकडे लिहिले आहेत, आणि शेजारी 'आरती'.

पुढे काय झालं

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा कोल्हापूर. भिंत ६.५ मिलिमीटर, वरचा कप्पा महारोहिणीच्या दीडपटीवर आलेला. पूर्ण तात्पुरतं नव्हतं, पूर्ण कायमचंही दिसत नव्हतं. फ्युरोसेमाइड महिनाभरात हळूहळू कमी करून थांबवलं. आयेचे आकडे २० ते २६ च्या मध्ये राहिले. क्लोपिडोग्रेल चालू आहे. होडीवर जायच्या धांदलीत महिन्यातून एखाद-दुसरी मात्रा चुकते, आणि ती चुकल्याचं ते मला सांगतात.

त्याच वेताची एक मांजरी शेजारच्या घरात आहे. तिच्या शस्त्रक्रियेआधी मी तिचं हृदय ऐकलं, नळ सोडून. जादा आवाज नव्हता. जादा आवाज नसला म्हणजे आजार नाही असं होत नाही, म्हणून त्या घरालाही श्वास मोजायला शिकवलंय.

मी वेगळं काय केलं असतं

टिकाऊ स्टेरॉइड दिलं नसतं. पिसवांचा बंदोबस्त आणि थोडे दिवसांच्या गोळ्या पुरल्या असत्या. चूक कळली तर गोळी थांबवता येते, दिलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. आता मी प्रत्येक मांजराचं हृदय पूर्ण एक मिनिट ऐकते, बाहेर कितीही गर्दी असो.

गुठळीची गोष्ट पहिल्या आठवड्यातच, समोरासमोर सांगितली असती. आणि जून-जुलैत कोणतंही मांजर आलं की ताटलीत सध्या काय पडतंय, हे मी आता आधी विचारते.

एक प्रश्न मात्र माझ्यासाठी उघडाच आहे. कोल्हापूरचा पहिला प्रवास नवव्या दिवशी करायला हवा होता का? तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबलो असतो तर औषधं तीच राहिली असती आणि घाटातला धोका टळला असता. पण त्या इकोशिवाय 'पुन्हा तपासा' ही ओळ मिळाली नसती, आणि त्या ओळीवर या घराने तीन महिने काढले. घरमालकांना मी हे विचारलं. ते म्हणाले, आम्ही तरी पुन्हा गेलो असतो. वहिनी म्हणाल्या, नसतो.

पुढचा इको एप्रिलमध्ये आहे, बंदी सुरू व्हायच्या आत.